पंखा आडवाच ठेवायचा

प्रिय मधू,

काल शाळेच्या कमिटीत तात्यांनी उभं राहून सांगितलं, की विमानाचा पंखा शाळेच्या दर्शनी भिंतीवर उभा लावावा ही मधूची शेवटची इच्छा होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर डोळे पुसले. म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसणारी मी बाई नव्हे, हे तुला ठाऊक आहे.

शेवटची इच्छा! कोणाला सांगितलीस रे? तुझी दातखीळ बसली होती. चमचाभर पाणी आत जात नव्हतं, आणि तू भिंतींचा आणि पंख्यांचा हिशेब सांगत बसलास? त्या खाटेपाशी मी होते आणि तुझी शालिनी होती. तात्या आपल्या वडिलांचे चुलतभाऊ खरे, पण इस्पितळाच्या फाटकापर्यंतसुद्धा आले नव्हते.

मी तिथेच विचारलं, “तात्या, मधूने हे तुम्हाला केव्हा सांगितलं?”

“अगं अक्का, माणूस सगळं तोंडाने थोडंच सांगतो? आपण समजून घ्यायचं असतं.”

“बरं. मग उभाच का?”

“आडवा लावला तर लाटणं दिसेल! उभा कसा, ताठ! वीराची तलवार!”

सगळे हसले. तूही हसला असतास, आणि मग उठून तात्यांच्या अंगावर धावून गेला असतास. लाकडी पंखा उभा ठेवायचा नसतो, हे तू या घरात किती वेळा ओरडून सांगितलंस! पण कोणाला सांगितलंस? मला. ज्या बाईला सांगायला हवं होतं, तिला कधी सांगितलंस?

तात्यांचा राग मी त्यांच्या तोंडावर काढला. तुझ्यावर रागवायला मात्र मला हा कागदच उरला आहे. तेव्हा गुमान ऐकून घे.

लढाईतून तू परत आलास तेव्हा आईला वाटलं, आता मुलगा केळीची वाडी बघेल, पानवेली बघेल. तू वाडीतली शेणखताच्या ढिगाशेजारची खोली तेवढी मागून घेतलीस. तुझ्याबरोबर लढाईत होता त्या फिरोजने लष्कराच्या मोडीतून एक दोन माणसांचं विमान घेतलं होतं. जुहूला तो त्यावर मुलांना उडायला शिकवणार होता. विमान उडत होतं, पण थरथरत होतं. समोरच्या घड्याळांचे काटे वाचता येत नव्हते. उतरल्यावर मुलांचे हात कोपरापर्यंत बधीर होत. तू जेवताना हे सांगितलंस, तर आपला वाडीतला गडी म्हणाला, “ईमानाला हीव भरलाय, दुसरं काय!” तेच नाव पडलं. मग रोज कोणीतरी विचारायचं, “काय मधू, हीव उतरला का?” त्या विमानासाठी मोडीतलाच दुसरा एक पंखा आणून तू त्या खोलीत दुरुस्त करायला घेतला होतास.

तू सांगायचास, थरथर हा एक रोग नव्हे. आधी पंख्याचे बोल्ट बघायचे. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा आवळायचे, आणि समोरासमोरचे जोडीने, सगळे सारखे. मग एका पात्याच्या टोकापाशी खुंटी ठोकायची आणि पंखा हाताने फिरवायचा. दुसरं टोकही त्याच खुंटीला तसंच चाटून गेलं पाहिजे. मग तोल. एवढं करून थरथर राहिलीच, तर पंखा काढून अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवायचा आणि पुन्हा बघायचं. तराजूच्या दांडीचा नियम मी कॉलेजात शिकले होते आणि इतकी वर्षं शाळेत शिकवत आले होते, म्हणून तू काय करतोस ते मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणूनच तू मला सांगत बसायचास. कळणाऱ्याला सांगण्यात मोठा पराक्रम नसतो, मधू. हे मी तुला मास्तरीण म्हणून सांगते.

तोलासाठी तू दोन पोलादी पट्ट्या पाणसळीत बसवल्या होत्यास. पंख्याच्या मधल्या भोकातून दांडा घालून तो त्यांवर ठेवायचा. जड पातं आपोआप खाली जाई. मग हलक्या बाजूला वार्निशाचा हात द्यायचा आणि पुन्हा ठेवून बघायचं. पट्ट्या खऱ्या आहेत की नाहीत, याची तुझी एक परीक्षा होती. पानवेलीवरून विड्याचं एक पान खुडून आणायचं आणि एका टोकावर ठेवायचं. तेवढ्याने ते पातं खाली आलं पाहिजे. पान उचलून दुसऱ्या टोकावर ठेवलं, की दुसरं खाली. आणि पान नसताना पंखा जिथे सोडाल तिथे थांबला पाहिजे. “अक्का, याला म्हणायचं दोन्हीकडे सारखं!” असं म्हणून ते पान तू तोंडात टाकायचास. चुना नाही, कात नाही, तसंच.

दोन्हीकडे सारखं! दसऱ्याचं आठवतं? सगळ्या घराची हत्यारं पूजली गेली. कोयते, पहारी, माझी फूटपट्टीसुद्धा. शालिनीने हौसेने तुझ्या पंख्यालाही हळदकुंकू लावलं. एक पातं भिंतीकडे होतं, म्हणून हाताशी आलं त्या पात्यालाच लावलं. चांगलं ओलं, दाट, वर अक्षता. तू आलास, पंखा पट्ट्यांवर ठेवलास आणि ते पातं धाडकन खाली गेलं. शेजारच्या बायका ओटीवर सोनं द्यायला आलेल्या. त्यांच्यासमोर तू ओरडलास, “कळत नाही तर हात लावू नकोस!”

तिचा चेहरा मी पाहिला. तू पाहिला नाहीस. तू ओलं फडकं शोधत होतास. मग संध्याकाळी माझ्यापाशी येऊन हसत सांगितलंस, “बघितलंस अक्का? कुंकवाचं वजन! पूजा करायची तर दोन्ही पात्यांची सारखी करावी, एवढंच.”

एवढंच ना? मग हे एवढंसं वाक्य स्वयंपाकघरात जाऊन सांगायला तुझे पाय मोडले होते? तिथून ती खोली वीस पावलांवरही नाही. तिला तोल कळला नसता असं तुला वाटलं? आंबोळीचं पीठ डोळ्यांनी मोजणारी बाई ती!

आता तुझ्या हाताबद्दल. पात्याच्या कडेची पितळी पट्टी उचकटली होती. ती बसवताना तळवा कापला. तू हळद दाबलीस, चिंधी बांधलीस आणि पुन्हा कामाला लागलास. खोलीच्या दाराशी शेणखताचा ढीग! मी शाळेतून आले तेव्हा चिंधी काळी झाली होती. मी म्हटलं, “ऊठ. दवाखान्यात चल. धनुर्वाताची सुई घे.”

“अक्का, पावसाच्या आत पंखा द्यायचा आहे.”

“अरे, तासाभराचं काम आहे!”

“तासाभरात वार्निश वाळतं,” म्हणालास, आणि हसलास.

अडाणी असतास तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. पण लष्करात साध्या ओरखड्यालाही ती सुई टोचून घ्यावी लागते, असं तूच सांगत असायचास! तुला माहीत होतं, मधू. माहीत असून तू वार्निश वाळवत बसलास. लाकडातली केसभर चीर तू बोटाने हुडकायचास, आणि स्वतःच्या तळव्यातली भोकासारखी जखम तुला दिसली नाही! पुढचं मी लिहीत नाही. खोलीत कोणी भांडं टेकवलं तरी तुझं सगळं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. थरथर काढणारा माणूस कसा गेला, ते मी पाहिलं आहे. याची माफी मी तुला देणार नाही. मागूही नकोस.

तुला घरी आणून ओटीवर आडवं ठेवलं. पंखा तुझ्या खोलीत दोन ठोकळ्यांवर तुझ्या पद्धतीने आडवा होता, पुरा झालेला, फिरोजची वाट पाहत. तुझे दिवस झाल्यावर शालिनी त्या खोलीत गेली, तिने एकटीने तो उचलला आणि देवघराच्या दाराशी भिंतीला उभा लावून ठेवला. मी म्हटलं, “अगं, तो आडवा ठेवायचा असतो.”

“नको, वन्सं,” ती म्हणाली. “आडवं ठेवलेलं मला नाही बघवत.”

यावर काय बोलायचं होतं? लाकडातली ओल सांगायची होती? त्या दिवसांत तिच्याशी वाद घालण्याइतकी मी दगड नव्हे. आणि तिला दुजोरा द्यायला माणसंही होती. अर्नाळ्याची कोळीण बोंबील घेऊन आली, तिने पंखा पाहिला आणि विचारलं, “बाय, हा वल्हा कंच्या होडीचा गं?” विमानाचा म्हटल्यावर हनुवटीला हात लावून म्हणाली, “उबा ठेवलास ता बरा केलास. आमी वल्हा उबाच ठेवताव. आडवा टाकला तर पाय लागते. उबा असला का पानी उतरून जाते.”

पाणी उतरून जातं! वल्ह्यातलं उतरून जात असेल. तिथे वल्हं तेवढं कोरडं झालं की काम भागतं. पंख्याचं तसं नाही. त्याच्या लाकडातली ओल खालच्या पात्यात उतरते आणि तिथेच बसते. सगळा पावसाळा तुझा पंखा एका टोकावर उभा राहिला. बाहेर पाऊस, आत समुद्राची दमट हवा, आणि खालच्या पात्यापाशी रोजची समई. तिच्या हाताला येई त्याच पात्यावर रोज हळदकुंकू. तू मात्र फोटोत हसत होतास.

पाऊस संपता संपता फिरोज आला. पंखा न्यायलाच आला होता. त्याला पाहून शालिनी पंख्याला धरून रडायला लागली. तो बिचारा कप तसाच ठेवून उठला. बेड्यापाशी, वाडीच्या फाटकात, मी त्याला गाठलं.

“आता कशावर उडतोस?”

“जुना पंखाच लावला हाय, अक्का. जास्तच थरथरते. एग्झॉस्टचा पायप तडकला परवा.”

“मग विमान जमिनीवर ठेव!”

“जमिनीवर ठेवून खाऊ काय?”

“आणि मुलांना घेऊन जातोस वर?”

तो टोपी फिरवत राहिला. “हलके हलके चालवतो ने. अक्का, बाई रडते तर पंखा कसा मागू? मधूची वस्तू हाय.”

दोघंही भले. एक भलेपणाने पंखा देत नाही, दुसरा भलेपणाने मागत नाही, आणि मधल्यामध्ये कोणाचं तरी पोर तडकलेल्या नळीच्या विमानात बसून आकाशात जातं! कोणी दगावलं असतं म्हणजे मग? त्याचीही तसबीर लावायची होती का शाळेत?

त्या दुपारी मी शालिनीला सरळ म्हटलं, “चल. पंखा घे आणि माझ्याबरोबर चल.” माझा आवाज ऐकून ती घाबरली असावी, कारण तिने लगेच एक टोक धरलं. तुझ्या खोलीत पट्ट्या अजून बसवलेल्याच होत्या. दांडा घालून आम्ही पंखा ठेवला आणि हात सोडला. एक पातं खाली गेलं. मी ते वर आणून सोडलं. पुन्हा तेच खाली. शालिनीने स्वतः आणून सोडलं. पुन्हा तेच. त्या टोकाला कुंकवाचा थर होता. तो तिने तिच्या हाताने पुसला. तरीही तेच खाली गेलं.

“हे पातं जड झालंय,” ती म्हणाली.

“हो.”

“उभं ठेवल्यामुळे?”

“हो. ओल खाली उतरली.”

तिने त्या पात्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे ह्यांनी ज्यासाठी जीव घातला, ते मी बिघडवलं.”

“तू नाही,” मी म्हटलं. “ज्याने सांगितलं नाही, त्याने.”

हे मी तुझ्याबद्दल बोलले, मधू, आणि पुन्हा बोलेन. ती रडली नाही. उलट चिडली. पहिल्यांदाच तिला चिडलेली पाहिली. “दसऱ्याला चारचौघींत ओरडले माझ्यावर! तेव्हा हे दाखवलं असतं तर? असं ठेवून, असं सोडून? मला काय डोळे नाहीत?” मी म्हटलं, “आणखी बोल. तो नाही, मी आहे ऐकायला.” ती बोलली. काय बोलली ते तुला सांगणार नाही. ते तुझ्यासाठी होतं आणि तू ऐकायला थांबला नाहीस.

मग तिने विचारलं, “सुधारतं का?”

मी सांगितलं, पंखा आडवा ठेवायचा, वाऱ्यावर पण उन्हात नाही, मधून मधून वरची बाजू खाली करायची आणि धीर धरायचा. ‘आडवा’ हा शब्द ऐकून तिने क्षणभर डोळे मिटले. मग ठोकळे तिनेच ओढले, आपल्या एका जुन्या लुगड्याची घडी त्यांवर घातली आणि पंखा आडवा ठेवला. थंडीभर तो तसा होता. रोज सकाळी ती खोलीत जायची, पंखा पालथा करायची आणि दार ओढून घ्यायची. कुंकू बंद केलं नाही. एक बोट या टोकाला, एक बोट त्या टोकाला, इतकं पुसट की मला चष्मा लावून बघावं लागे.

गेल्या आठवड्यात आम्ही तो पुन्हा पट्ट्यांवर ठेवला. हात सोडला. पंखा थांबला. उभा सोडला, उभा थांबला. तिरपा सोडला, तिरपा थांबला. शालिनी बाहेर जाऊन विड्याचं पान घेऊन आली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. खिडकीतून बघत असली पाहिजे इतकी वर्षं. तिने पान एका टोकावर ठेवलं, ते खाली आलं. दुसऱ्यावर ठेवलं, दुसरं खाली आलं. मग ते पान हातात घेऊन ती उभी राहिली. म्हणाली, “वन्सं, हे मी खाल्लं तर चालेल?” विधवेने विडा खाऊ नये म्हणतात. मी म्हटलं, “चुना नाही, कात नाही. विडा कसला? पान आहे. खा.”

मीच फिरोजला बोलावणं धाडलं. तो आज दुपारी येतो आहे. जुहूचा इंजिनिअर पंखा पुन्हा तपासेल आणि मगच चढवेल, आणि तसंच झालं पाहिजे.

आणि काल हे तात्यांचं! कमिटीतून निघाले ते थेट सुतार आणि मोजपट्टी घेऊन आपल्या दारात. मी पोचेपर्यंत शालिनी ओटीवर आली होती. पदर डोक्यावर, पण आवाज स्वच्छ.

“मामंजी, पंखा मिळणार नाही.”

“अगं, मधूची शेवटची इच्छा—”

“ती मला नाही माहीत. तुम्हालाही नाही. त्या पंख्याला काम आहे.”

“मग भिंतीला दोन एवढाले खिळे ठोकून झालेत, त्यांचं काय करू?”

“त्यावर घड्याळ लावा,” मी म्हटलं. “कमिटी उशिरा येते.”

सुतार तोंड फिरवून हसला. तात्या अजून रागावलेले आहेत. असू देत. आम्ही दोघीही आहोत, पण तात्यांवर नाही.

एक वचन देते. यापुढे या घरात किंवा माझ्या शाळेत ‘कळत नाही तर हात लावू नकोस’ हे वाक्य कोणाला उच्चारू देणार नाही. ज्याला कळत नाही, त्याला आधी सांगायचं. आणि दर वर्षी पाऊस संपला की शालिनीला घेऊन मी जुहूला जाईन, पट्ट्या बरोबर नेईन आणि पंख्यावर पान ठेवून बघेन. फिरोजला ते आवडो की न आवडो. तुला तर विचारतच नाही.

तुझी,
अक्का

ता.क. संध्याकाळ. सुपूर्द केलं ते लिहून ठेवते. लाकडी पंखा, पितळी कडेसह. त्याचे बोल्ट, तेल लावून, फडक्यात बांधून. दोन पोलादी पट्ट्या आणि दांडा मी दिले नाहीत. ते इथेच राहतील. पेंढा घातलेल्या बैलगाडीत पंखा विरार स्टेशनपर्यंत गेला, पुढे लगेजच्या डब्यातून जाईल. देणार शालिनी, घेणार फिरोज, मी साक्षीला.

गाडी हलली तेव्हा शालिनी बेड्यापर्यंत मागे धावली आणि मोठ्याने म्हणाली, “फिरोजभाऊ, गार्डाला सांगा. जागा नसली तरी उभा नको. आडवा ठेवा. आडवाच ठेवायचा असतो तो.”